९एच स्क्रीनगार्ड ते पवनचक्कीचा टॉवर: जाड प्लेटच्या वेल्डिंगचा कडकपणा कसा मोजतात?

मोबाईलच्या दुकानात स्क्रीनगार्ड घ्यायला गेलात की पाकिटावर मोठ्या अक्षरात '९एच' छापलेलं दिसतं. दुकानदार काचेवर किल्ली घासून दाखवतो, ओरखडा उठत नाही, आपण खूश. चार दिवसांनी बाईकवरून उतरताना फोन खिशातून पडतो आणि त्याच ९एच काचेचं कोळ्याचं जाळं होतं. मग आपण दुकानदाराला शिव्या घालतो. खरं तर तो खोटं बोललेला नसतो. त्याने सांगितलं होतं काच 'कडक' आहे. 'फुटणार नाही' हे आपण मनानेच धरलं होतं.

आधी एक गैरसमज. ९एच मधला ९ हा शाळेत शिकलेल्या मोह्सच्या मापपट्टीवरचा ९ नाही. त्या मापपट्टीवर नीलम ९ वर बसतो आणि आपल्या वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. फोनची काच साधारण ६ च्या आसपास असते, म्हणून खिशातली वाळू तिला ओरखडते. ९एच ही पेन्सिलची मापपट्टी आहे. ४५ अंशांत धरलेली, ७५० ग्रॅम वजनाने दाबलेली ९एच पेन्सिल पृष्ठभागावर ओढायची. ओरखडा नाही? झालं, ९एच. ही चाचणी मुळात रंगाच्या थरासाठी आहे.

आता हाच 'कडक की चिवट' हा घोळ काचेऐवजी पोलादात, आणि तोही पन्नास मिलिमीटर जाड प्लेटच्या जोडात झाला तर? आज त्यावरच बोलू. मी सॉफ्टवेअरवाला आहे, इंजिनिअरिंगला मटेरियल्सचा पेपर कसाबसा काढला होता. पण हा विषय माझ्यापर्यंत गावाकडून आला.

ट्रॉलीचा हुक आणि माळावरचे टॉवर

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, वाशी, कळंबकडच्या माळांवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. सोलापूर-धुळे महामार्गावर येडशीच्या आसपास कधी अडकला असाल तर लांबलचक ट्रेलरवर आडवा पडलेला पांढरा नळकांडा पाहिला असेल. तो टॉवरचा एक तुकडा. जाड प्लेट रोलिंग मशीनमधून गोल वाकवायची, उभा जोड वेल्ड करायचा, अशा कड्या एकावर एक लावून आडवे जोड वेल्ड करायचे, दोन्ही टोकांना फ्लँज. मग माळावर नेऊन हे तुकडे बोल्टने एकमेकांवर चढवायचे. वरच्या तुकड्यांची प्लेट पातळ, तळाकडे ती जाड होत जाते. उंच टॉवरच्या पायथ्याला चार-पाच सेंटिमीटर जाडी सहज असते. वारा दिवसरात्र त्याला हलवतो, म्हणजे प्रत्येक जोड वीसेक वर्षं कोट्यवधी वेळा ताणला आणि दाबला जाणार.

पण माझ्या डोक्यात किडा घातला तो टॉवरने नाही, आमच्या उसाच्या ट्रॉलीने. गेल्या हंगामात ट्रॉलीचा हुक तुटला. आदल्या आठवड्यातच वेल्डिंग करून आणला होता. सगळे म्हणाले, वेल्डिंग कच्चं. मी तुकडा उचलून बघितला तर वेल्डिंग जसंच्या तसं! लोखंड तुटलं होतं ते जोडाच्या अगदी शेजारी, दोन-तीन मिलिमीटरवर, आणि तुटलेला भाग दाणेदार चमकत होता. गावातल्या वेल्डरचं म्हणणं, "माझा जोड पक्का होता, तुमचं लोखंडच खराब." माझा मावसभाऊ पुण्याजवळच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. त्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "दोघंही अर्धे बरोबर. लोखंड चांगलं होतं, वेल्डिंगने खराब केलं. हॅझमध्ये तुटलंय."

हॅझ म्हणजे काय?

वेल्डिंग करताना धातू वितळतो, म्हणजे दीड हजार अंशांच्या आसपास जातो. जोडाच्या लगतची प्लेट वितळत नाही, पण लालबुंद होते आणि मग थंड होते. उष्णतेने बदललेला हा पट्टा म्हणजे हीट अफेक्टेड झोन, शॉपच्या भाषेत हॅझ. रुंदी जेमतेम काही मिलिमीटर. बाहेरून, रंग दिल्यावर तर, तो दिसतही नाही.

तिथे काय होतं हे लोहाराच्या भात्याजवळ बसलेल्या कुणालाही समजेल. विळा लाल तापवून लोहार तो पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. पोलाद झटकन थंड झालं की आतल्या कार्बनला जागच्या जागी अडकून पडावं लागतं आणि मार्टेन्साइट नावाची घट्ट, ताणलेली रचना तयार होते. धार टिकते, पण विळा दगडावर आपटला तर टवका उडतो. म्हणून चांगला लोहार पाणी दिल्यावर तो पुन्हा थोडा तापवून नरम करतो.

आता गंमत बघा. जाड प्लेटला वेल्डिंग करताना कुणी पाणी ओतत नाही. तरी पाणी दिलं जातं, कारण प्लेट स्वतःच पाण्याचं काम करते. पातळ पत्र्यात उष्णता फक्त आजूबाजूला पळू शकते. पन्नास मिलिमीटरच्या प्लेटमध्ये ती आजूबाजूला आणि खालीही पळते. शेजारी थंडगार लोखंडाचा डोंगर बसलेला असतो, तो जोडातली उष्णता ओढून घेतो. वेल्डिंगवाले ८०० अंशांपासून ५०० अंशांपर्यंत उतरायला किती सेकंद लागले हे मोजतात. त्या सेकंदांत हॅझचं नशीब ठरतं. म्हणजे तोच वेल्डर, तोच रॉड, तेच पोलाद, पण प्लेट जाड घेतली की हॅझ जास्त कडक.

जाड म्हणजे मजबूत हा आपला जुना हिशोब आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आमच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाडजूड भिंतींची घरंच माणसांवर कोसळली. योगायोग असा की साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत नॉर्थरिजला भूकंप झाला आणि तिथे पोलादी सांगाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, पण नंतर तपासताना शंभराहून जास्त इमारतींत खांब-तुळईच्या वेल्ड केलेल्या जोडांना तडे सापडले. त्यामागे कारणं बरीच होती, जोडाची रचना आणि कमी चिवट वेल्ड धातू ही मुख्य. पण जाड पोलादाचा जोड आपोआप भरवशाचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

कडक झालं तर बिघडलं काय?

हा प्रश्न मीही भावाला विचारला. कडकपणा वाढला की ताकदही वाढते. ढोबळ हिशोब असा की विकर्स आकड्याला ३.२ ने गुणा, साधारण ताणाची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. १६० चं पोलाद ५१० च्या आसपास, ३५० चं ११२० च्या आसपास. मग दुप्पट मजबूत झालं की!

मजबूत झालं, पण चिवटपणा गेला. मऊ पोलाद ताण आला की थोडं लांबतं, वाकतं, ताण वाटून घेतं. कडक हॅझ वाकत नाही. तो तडकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला हायड्रोजन बाधतो.

वेल्डिंगचा रॉड दमट असेल, प्लेटवर तेल, गंज किंवा रंग असेल, तर आर्कच्या उष्णतेत त्यातला हायड्रोजन सुटा होऊन वितळलेल्या धातूत शिरतो. जोड थंड होताना तो बाहेर पडायला बघतो आणि हॅझमध्ये अडकतो. हायड्रोजन, कडक रचना आणि आतला ताण, हे तिघं एकत्र आले आणि तापमान दीडशे अंशांखाली उतरलं की तडा जातो. आणि तो लगेच जात नाही! काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जातो. संध्याकाळी तपासून पास केलेला जोड सकाळी तडकलेला असू शकतो. म्हणून जाड कामात तड्यांची अंतिम तपासणी वेल्डिंगनंतर ४८ तास थांबून करायला सांगतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले डिप्लॉय करून पाच मिनिटांत 'ऑल ग्रीन' म्हणतो, तसं इथे चालत नाही.

तडा काय करू शकतो याचं गाजलेलं उदाहरण मेलबर्नचं. तिथला किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये सुरू झाला. गर्डरच्या खालच्या पट्टीवर जादा प्लेट वेल्ड केल्या होत्या आणि वापरलेल्या पोलादात कार्बन-मँगनीज जास्त होतं. त्या आडव्या जोडांच्या कडेला हॅझमध्ये बांधतानाच तडे गेले होते, काही तर रंगाखाली झाकले गेले. १० जुलै १९६२ ला, तिकडच्या हिवाळ्यात, ४५ टनांचं एक वाहन पुलावरून जात असताना गर्डर फाटले. खाली बांधलेल्या भिंतींनी पुलाला तोलून धरलं म्हणून कुणाचा जीव गेला नाही. पूल सुरू होऊन पंधराच महिने झाले होते.

मोजायचं कसं? इथे 'पिक्सेल'चा प्रश्न येतो

पोलादाचा कडकपणा मोजण्याची कल्पना सोपी आहे: ठरलेल्या जोराने काहीतरी दाबा आणि खड्डा किती पडला ते बघा. स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० मध्ये गोळी दाबून मोजायची पद्धत आणली. १० मिलिमीटरची गोळी, ३००० किलोचा दाब. साध्या पोलादावर चार मिलिमीटरहून मोठा खड्डा पडतो. कास्टिंग वगैरेसाठी उत्तम. पण आपला हॅझच मुळात दोन-चार मिलिमीटरचा! गोळीखाली वेल्ड, हॅझ, प्लेट सगळं एकदम दाबलं जाणार आणि सरासरी आकडा येणार. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने लांबच्या गाडीची नंबरप्लेट टिपण्यासारखं.

म्हणून जोडासाठी विकर्स. १९२१ मध्ये इंग्लंडच्या विकर्स कंपनीत स्मिथ आणि सँडलँड या दोघांनी ती काढली. चौकोनी पिरॅमिडसारखा हिरा, समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंश. १० किलोने दाबायचा, सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी ठशाचे दोन कर्ण मोजायचे, सरासरी काढायची. सूत्र एका ओळीचं: १.८५४४ गुणिले दाब, भागिले कर्णाचा वर्ग.

करून बघू. कर्ण ०.३० मिलिमीटर आला तर १८.५४४ भागिले ०.०९, म्हणजे २०६. कर्ण ०.२३ आला तर ३५०. आणि ०.२२ आला तर थेट ३८३! मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला की आकडा तेहतीसने उडी मारतो. ही उडी महत्त्वाची का, तर साध्या, नंतर उष्णता-प्रक्रिया न केलेल्या स्ट्रक्चरल पोलादासाठी आयएसओ १५६१४-१ या मानकात ३८० ची कमाल मर्यादा आहे, आणि बरेच ग्राहक त्याहून कडक, ३५० ची अट घालतात. आंबट वायूच्या, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडच्या पाइपलाइनला तर २५० च्या वर जाऊ देत नाहीत.

(एक सावधानता: आपल्याकडच्या आयएस २०६२ मधल्या ई३५० ग्रेडचा ३५० हा कडकपणा नाही. ती मेगापास्कलमधली ताकद आहे. मी पहिल्यांदा दोन्ही एकच समजलो होतो आणि भाऊ पाच मिनिटं हसत होता.)

खऱ्या टॉवरला कापून तर बघता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी त्याच पोलादाचा, ठरलेल्या जाडीचा नमुना जोड ठरवलेल्या पद्धतीने वेल्ड करतात. तो आडवा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर अल्कोहोलमधलं सौम्य नायट्रिक आम्ल लावायचं. आणि मग जादू होते. साध्या राखाडी लोखंडावर वेल्डचे थर, हॅझचा गडद पट्टा आणि मूळ प्लेट वेगवेगळे दिसायला लागतात. मग वरच्या पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरच्या आत एक रांग, खालच्या बाजूला एक रांग, असे ठसे घेत जायचे: प्लेट, हॅझ, वेल्ड, पुन्हा हॅझ, प्लेट. आकडे समजा १६५, १७०, २४०, ३१०, २१५ असे येतात. सगळ्यात उंच शिखर वितळलेल्या रेषेला चिकटून असतं. तो ठसा अर्धा मिलिमीटर चुकला की शिखर हुकतं आणि रिपोर्ट छान दिसतो.

साइटवरचं 'पेन'

शॉपमध्ये प्रत्यक्ष जोडावर बहुतेक वेळा लीब टेस्टर फिरताना दिसतो. १९७५ मध्ये डिटमार लीबने काढलेली ही पद्धत. जाड पेनसारखं यंत्र, आत स्प्रिंगने सुटणारी छोटी टोकदार गोटी. ती पोलादावर आपटून उसळते. परतीचा वेग भागिले जातानाचा वेग, गुणिले हजार, हा लीबचा आकडा. पोलाद कडक असेल तितकी उसळी जास्त. स्क्रीनवर लगेच विकर्समध्ये बदललेला आकडा येतो, म्हणून सगळ्यांना आवडतो.

पण आकडा बदलून देणारं अॅप जितकं खरं, तितकाच तो आकडा खरा. जागा नीट घासलेली नसेल तर चूक, तुकडा हलका असेल तर चूक. अरुंद हॅझवर नेमकं टेकवणं तर महाकठीण. दुसरी पद्धत अल्ट्रासॉनिक संपर्काची. कंप पावणाऱ्या दांडीच्या टोकाला विकर्सचाच हिरा असतो. फोन व्हायब्रेटवर गादीवर ठेवला की वेगळा आवाज येतो, टेबलावर ठेवला की वेगळा, तसंच काहीसं. हिरा जितका आत रुतेल तितकी कंपनाची गती बदलते, त्यावरून कडकपणा. ठसा बारीक पडतो, म्हणून हॅझसाठी ही पद्धत बरी.

भावाच्या शॉपमध्ये यावरूनच एकदा वाजलं होतं. डिस्पॅचच्या आदल्या दिवशी लीबचे आकडे सगळे २१० च्या घरात, रिपोर्ट तयार, ट्रेलर गेटवर उभा. भावाने बघितलं तर सगळे ठसे वेल्डच्या मधोमध. सोयीची, सपाट जागा! त्याने कडेला अल्ट्रासॉनिकने घ्यायला लावले, तर दोन ठिकाणी ४०० च्या वर. रात्रपाळीत प्लेट आधी न तापवता टॅक मारले होते. ट्रेलर थांबला, बोलणी खाल्ली ती भावानेच. तो भाग खोदून, तापवून पुन्हा वेल्ड केला. त्या रात्री टॅक मारणाऱ्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं की छोटा टॅक मोठ्या जोडापेक्षा जास्त धोकादायक असतो. उष्णता कमी, म्हणून तो सगळ्यात झटकन थंड होतो. प्लेटवर उगाच रॉड टेकवून ठिणगी पाडली तरी तिथे असाच कडक ठिपका तयार होतो.

आधीच अंदाज येतो का?

येतो. १९४० मध्ये डिअर्डन आणि ओनील यांनी कार्बन-समतुल्याचं सूत्र मांडलं. आज वापरतात ते असं: कार्बन, अधिक मँगनीज भागिले ६, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमची बेरीज भागिले ५, अधिक निकेल-तांब्याची बेरीज भागिले १५. समजा प्लेटच्या सर्टिफिकेटवर कार्बन ०.१७, मँगनीज १.४५, बाकीचे किरकोळ आहेत. बेरीज ०.४३ च्या जवळ येते. ०.४० च्या वर गेलं आणि प्लेट जाड असली की सावध. उपाय लोहाराच्याच अकलेचा: थंड होणं मंद करा. प्लेट बर्नरने शंभर-दीडशे अंशांपर्यंत आधी तापवायची, थर्मल चॉक ओढून तापमान बघायचं, दोन थरांच्या मध्येही ते पडू द्यायचं नाही. रॉड कमी हायड्रोजनचे, म्हणजे ७०१८ सारखे, आणि तेही भट्टीत भाजून कोरडे केलेले.

एक मात्र लक्षात ठेवा, कडकपणाची चाचणी चिवटपणा मोजत नाही. त्यासाठी खाच पाडलेल्या नमुन्यावर हातोडा सोडून वेगळी चाचणी करतात. आकडा मर्यादेत आला म्हणजे तडा नाही असंही नाही. तड्यासाठी अल्ट्रासॉनिक, चुंबकीय पावडर वगैरे आहेतच.

आणि आमचा हुक?

भावाने फोटो बघून सांगितलं की कुणीतरी जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा जोडलाय. पाट्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून जास्त, म्हणजे टॉवरच्या प्लेटच्या तिप्पट. वर दुकानात उघडे पडलेले दमट रॉड, आणि घाई असल्यामुळे लाल जोडावर ओतलेलं मगभर पाणी. ते पाणी ओतताना मी स्वतः तिथे उभा होतो, मला काहीच खटकलं नव्हतं.

नवीन हुक साध्या पोलादाचा घेतला. वेल्डरकाकांना म्हटलं, "काका, रॉड जरा वाळवून घ्या आणि आधी गॅसने तापवा." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण केलं. जोड झाल्यावर त्यांचा हात सवयीने मगाकडे गेला, तो मी धरला आणि हुक राखेत पुरून ठेवला. संध्याकाळी काढला तेव्हा तो अजून कोमट होता.